फ्रॉस्ट काढायची रीत

कुऱ्हाडीत फ्रॉस्ट शिरला असेल तर तिने झाड तोडायचं नसतं. आधी ती चुलीजवळ आडवी ठेवायची, पात्यावर तळहात टेकवून पाहायचा, आणि पोलाद हाताला गार लागेनासं झालं की मगच बाहेर न्यायची. त्रिसिलच्या जंगलात हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. फ्रॉस्ट शिरलेलं पातं गोठलेल्या झाडावर घातलं तर काचेसारखं उडतं.

थंडी वेगळी आणि फ्रॉस्ट वेगळा. थंडी बाहेर असते. फ्रॉस्ट आत शिरतो आणि मुक्काम करतो: बटाट्यात, जमिनीत, माणसाच्या पायात. शिरलेला फ्रॉस्ट काढावा लागतो. पोलादाला त्यासाठी चूल चालते, कारण पोलादात सडण्यासारखं काही नसतं. ज्याच्यात रस आहे त्याला चूल चालत नाही. गोठलेला बटाटा विस्तवाजवळ ठेवला तर काळा पडून पिचपिचीत होतो. ओढ्याच्या पाण्याच्या बादलीत टाकला तर सालीवर बर्फाचा पापुद्रा धरतो. तो पापुद्रा म्हणजे बाहेर आलेला फ्रॉस्ट. पापुद्रा फोडला की आत बटाटा खाण्याजोगा निघतो. माणसाचंही असंच, असं या खोऱ्यात सगळे मानत. गोठलेला हात बर्फाने चोळायचा आणि गार पाण्यात धरायचा, फ्रॉस्ट बाहेर येईपर्यंत.

त्या हिवाळ्यात स्वीडनच्या हद्दीजवळच्या एका लाकूडतोड्यांच्या खोपीत तिघे जण राहत होते. एस्तेन, त्याचा मेहुणा येरमुंड आणि म्हातारा एंगेब्रेट. एस्तेन चाळिशीचा, किडकिडीत, आणि त्या पट्ट्यातला सर्वांत चांगला कुऱ्हाड चालवणारा. येरमुंड त्याच्या बायकोचा, गुरोचा, धाकटा भाऊ. अंगाने एस्तेनच्या दीडपट, हाताने आळशी. एंगेब्रेटचं वय झाडं तोडायचं राहिलं नव्हतं, म्हणून तो स्वयंपाक करी आणि ओंडके ओढणाऱ्या घोड्याला चारा घाली. घोडा एस्तेनचा होता. ब्लाकेन त्याचं नाव.

जानेवारीत एका संध्याकाळी वादळात सापडलेला पास्टर खोपीत आला. वरच्या वस्तीवर कुणाचा तरी दफनविधी करून तो परत निघाला होता. एंगेब्रेटने त्याला खारं डुकराचं मांस आणि जवाची भाकर वाढली, काकवी घातलेली कॉफी दिली. पास्टरला शब्दांचा नाद होता. खिडकीवरचं बर्फाचं नक्षीकाम बघत तो म्हणाला की फ्रॉस्ट हा साधा शब्द नाही. तो गोठण्याच्या क्रियापदापासून आला, इतकं कुणीही सांगेल. पण त्याच्या मागे गेलं तर जर्मन, डच, इंग्रज सगळे एकाच मुळाशी येतात, आणि त्याच मुळातून लॅटिनमध्ये दोन शब्द निघाले असं पंडित म्हणतात: एक दहिवराचा, एक धगधगत्या निखाऱ्याचा. हिंदुस्थानातल्या ब्राह्मणांच्या जुन्या भाषेत त्याच मुळाचा अर्थ जळणं असा आहे. 'प्लोषति' म्हणजे जळतो. आपले पूर्वज जळण्याला आणि गोठण्याला एकच मानत असावेत.

"मग पास्टर, उद्यापासून आमचा एंगेब्रेट बर्फावर भाकऱ्या भाजेल," येरमुंड म्हणाला.

पास्टरही हसला. एंगेब्रेट मात्र हसला नाही. तो म्हणाला, हे त्याच्या आजीला लॅटिन न शिकता ठाऊक होतं. फ्रॉस्ट पिकाला भाजतो, कातडीला भाजतो, म्हणून तर गोठलेल्या माणसाला विस्तवाजवळ नेत नाहीत. आगीवर आग कोण घालतो? पास्टरने मान डोलावली. यावर वाद घालण्याचं त्याला कारण नव्हतं. त्याच्या घरीही गोठलेले कान बर्फानेच चोळत.

पास्टर गेला, वादळ निवळलं आणि खरी थंडी पडली. झाडं आपोआप तडकू लागली. बाटलीतली ब्रँडी तेलासारखी दाट झाली. अशा थंडीत दोघा मेहुण्यांचं एकमेकांना डिवचणं वाढलं. एस्तेनची जीभ त्याच्या कुऱ्हाडीइतकीच धारदार होती. जेवताना तो एंगेब्रेटला म्हणाला, "याला झाड नको देऊस, म्हातारबा. हा तोडत नाही. उंदरासारखा कुरतडतो आणि झाड कंटाळून पडतं."

एंगेब्रेट खो खो हसला. येरमुंडने ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी उठला. स्वतःची कुऱ्हाड बोथट होती. एस्तेनने आपली आदल्या दिवशी सहाणेवर लावून दाराबाहेरच्या आडोशाला टेकवून ठेवली होती. येरमुंडने तीच उचलली. चूल विझत आली होती. पेटवायची, कुऱ्हाड ऊन करायची, तेवढ्यात एस्तेन उठला असता. एस्तेन यायच्या आत एक मोठं झाड आडवं करून दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने ब्लाकेनला घसरगाडीला जुंपलं, आदल्या दिवशीचे ओंडके लादलेलेच होते, आणि तो उतारावरून ओढ्याच्या काठी गेला.

तिसऱ्या घावाला पातं फुटलं. अर्धचंद्रासारखा तुकडा उडाला आणि मागे उभ्या असलेल्या घोड्याच्या डोळ्यात घुसला. ब्लाकेन उधळला. उतारावर गाडी त्याच्या मागून आली, ओंडके सुटले आणि त्याच्या मागच्या दोन्ही पायांवरून गेले.

किंकाळी खोपीपर्यंत ऐकू गेली. घोडा असा ओरडतो हे ज्याने ऐकलं नसेल त्याला ते माणसाचं ओरडणं वाटेल. एस्तेन धावत आला तेव्हा ब्लाकेन पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या मागच्या पायांची हाडं बर्फात रुतत होती. एस्तेनने येरमुंडच्या हातातून कुऱ्हाड हिसकावली, उलटी धरली आणि तिच्या बोथट बाजूने घोड्याच्या कपाळावर एकच तडाखा दिला. घोडा बसला आणि मग कुशीवर पडला. तेव्हा कुठे एस्तेनने हातातल्या पात्याकडे पाहिलं.

"न तापवता?" त्याने विचारलं.

येरमुंड एक पाऊल मागे सरकला.

एस्तेनने कुऱ्हाड टाकली आणि हातमोजे काढून बर्फात फेकले. इथे माणूस मोजे घालून मारामारी करत नाही. मोज्यातली मूठ ही भित्र्याची मूठ. येरमुंडनेही काढले. पहिला ठोसा एस्तेनचा होता. त्याने येरमुंडचा पुढचा दात मुळातून पाडला. दुसऱ्याने ओठ फाडला. तिसरा बसला नाही. येरमुंडने त्याला कमरेत धरून उचललं, ओंडक्यावर आपटलं, केस धरून त्याचं डोकं पुन्हा त्याच ओंडक्यावर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. एस्तेन तरी लाथा झाडत होता. येरमुंडने त्याच्या बरगड्यांत गुडघा घातला आणि त्याला ओढ्याच्या काठावरून खाली ढकललं. तिथे बर्फाखाली वाहतं पाणी वर आलेलं असतं, वरून दिसत नाही. एस्तेनचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात गेले. तो तसाच पडून राहिला.

येरमुंडने दोघांचेही मोजे उचलले.

"मोजे हवेत? माग तुझ्या घोड्याकडे, दाजी," तो म्हणाला आणि चढ चढून गेला.

खोपीत त्याने तोंड धुतलं, दाताच्या खळग्यात कापूस दाबला आणि भाकर कॉफीत बुडवून खाल्ली. एंगेब्रेटने घोड्याचं विचारलं, त्याने सांगितलं. एस्तेनचं विचारलं. येईल, म्हणाला. कॉफी संपली तरी एस्तेन आला नाही. म्हाताऱ्याने बाकावरच्या मोज्यांकडे पाहिलं. गुरोने विणलेले, मनगटावर लाल पट्टा असलेले मोजे एस्तेनचे, हे त्याला ठाऊक होतं.

"हे इथे कसे?" एंगेब्रेटने विचारलं.

येरमुंड उठून धावला.

एस्तेन शुद्धीवर आला होता. ओढ्यातून सरपटत तो घोड्यापर्यंत आला होता आणि ब्लाकेनच्या मानेला चिकटून बसला होता. बाह्या बर्फाच्या नळ्या झाल्या होत्या. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी, आणि एकमेकांवर आपटली की लाकडासारखी वाजत होती. कमरेच्या चाकूची मूठ पकडायचा प्रयत्न तो पुन्हा पुन्हा करत होता. बोटं मुठीवरून घसरत होती.

"चाकू काढ," तो म्हणाला. "इथे, बरगडीच्या मागे. पोट फाड आणि माझे हात आत घाल. आत अजून ऊन आहे."

एकदा वरच्या डोंगरात त्याने उत्तरेकडच्या एका भटक्या सामी माणसाला मेलेल्या रेनडियरच्या पोटात असे हात घालून बसलेलं पाहिलं होतं. त्या माणसाची बोटं राहिली होती.

येरमुंड जागेवर उभा राहिला. मेलेला घोडा फाडणं हे रक्करचं काम. रक्कर वस्तीबाहेर राहतो, मेलेली जनावरं सोलतो, संडास उपसतो. चर्चमध्ये तो दाराशी बसतो. घरोघरी त्याच्यासाठी वेगळा पेला उपडा ठेवलेला असतो. ज्याने एकदा घोड्याला चाकू लावला तो रक्कर झाला, त्याची पोरंही झाली. दुःखात असलेल्या घोड्याला मारणं ही दया होती. त्याला उघडणं ही दया नव्हती.

"दोघेही रक्कर होऊ? ताईला काय सांगू?"

"बोटं आहेत म्हणून सांग. फाड, येरमुंड."

"तुझं डोकं फिरलंय. ऊन लावलं तर सडतील. आगीवर आग. पास्टरसुद्धा म्हणाला." त्याने एस्तेनला खांद्यावर घेतलं. एस्तेन खांद्यावरून शिव्या देत होता, मग विनवण्या करू लागला, मग नुसतं घोड्याचं नाव घेत राहिला. येरमुंडने आपले मोजे आणलेच नव्हते. एस्तेनचं ओलं, बर्फाळलेलं जाकीट त्याने डाव्या हातात आवळून धरलं आणि तसाच चढ चढला.

एंगेब्रेटने चूल मुद्दाम विझवली होती. बादली भरून तयार होती.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. येरमुंड एस्तेनच्या छातीवर बसला. एंगेब्रेटने हात बादलीत दाबले आणि थोड्या वेळाने बाहेर काढून बर्फाने चोळायला लागला. त्या थंडीतला बर्फ मऊ नसतो, वाळूसारखा असतो. आधी एस्तेनला काही कळत नव्हतं. मग कळायला लागलं. तो इतका उसळला की येरमुंडला त्याच्या दंडांवर गुडघे रोवावे लागले. एस्तेनने मान उचलून त्याच्या गालाचा चावा घेतला आणि सोडला नाही. येरमुंडने त्याच्या मोडलेल्या नाकावर कोपर मारलं तेव्हा सोडला. बोटांची कातडी मोज्यासारखी निघायला लागली होती. म्हातारा चोळत राहिला. हात पुन्हा बादलीत घातले तेव्हा त्यांच्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला.

"बघ," एंगेब्रेट म्हणाला. आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "निघतोय. चांगला निघतोय."

येरमुंडने बघितलं. बादलीतलं पाणी लाल झालं होतं. मग त्याने आपला डावा हात बघितला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पांढरं होतं. टोचलं तरी कळत नव्हतं.

एंगेब्रेटचंही लक्ष गेलं. "ये, तुझाही काढू," तो म्हणाला.

येरमुंड म्हणाला, आधी लाकडं आणतो. तो बाहेर पडला आणि लाकडांकडे गेला नाही. ओढ्याकाठी ब्लाकेनच्या केसांवर दहिवर धरलं होतं. त्याने चारी दिशांना पाहिलं. बरगडीच्या मागे, एस्तेनने दाखवलं होतं तिथेच, चाकू खुपसून खाली ओढला. वाफ बाहेर आली. त्याने हात कोपरापर्यंत आत घातला आणि घोड्याच्या अंगावर कपाळ टेकवून बसला. आधी काही नाही, मग आग. त्याने बाही तोंडात कोंबून धरली. हात काढला तेव्हा दोन्ही बोटं लालबुंद होती, ठणकत होती आणि वाकत होती. त्याने बर्फाने रक्त पुसलं, चिरेवर फरच्या फांद्या टाकल्या, वर पायाने बर्फ लोटला. येताना लाकडं आणली आणि टाकलेली कुऱ्हाड आडोशाला टेकवली.

खालच्या गावी पोहोचेपर्यंत एस्तेनचे हात काळे पडले होते. डॉक्टरने दोन्ही हातांची चार-चार बोटं काढली. अंगठे राहिले. काय उपाय केला, असं त्याने विचारलं, एंगेब्रेटने सांगितलं. डॉक्टर म्हणाला, बरोबर केलंत, पुस्तकात हेच आहे, फ्रॉस्ट फार खोल गेला होता. त्यामुळे उपायाबद्दल कुणी कुणाला दोष दिला नाही. मारामारीबद्दल लोक बोलले, पण मेहुण्यामेहुण्यांच्या मारामाऱ्या खोऱ्यात नव्या नव्हत्या, आणि येरमुंड त्या दिवसापासून बहिणीच्या दारात राबत होता. पाणी भरायचा, गाय बघायचा, लाकडं फोडायचा. गुरो नवऱ्याला चमच्याने भरवायची. एस्तेन मेहुण्याशी एकच वाक्य बोलायचा: "फोड. हात तुला आहेत."

वसंतात बर्फ खचायला लागला तशी येरमुंडची झोप उडाली. एके सकाळी तो न सांगता पहार आणि कुदळ घेऊन ओढ्याकाठी गेला. घोडा पुरायचा आणि विषय मिटवायचा. वरची बोटभर माती चिखल झाली होती. तिच्याखाली पहार ठणकन वाजून उसळली. जमिनीतला फ्रॉस्ट अजून निघाला नव्हता. तो जागा बदलून बदलून घाव घालत राहिला. तळहात फाटले. मागे पावलं वाजली तेव्हा त्याने गुडघाभरही खणलं नव्हतं.

गुरो आणि एस्तेन घोड्याच्या साजाच्या कड्या आणि नाल न्यायला आले होते. लोखंड वाया घालवण्यासारखी त्यांची परिस्थिती राहिली नव्हती. येरमुंडने त्यांना सांगितलं, घरी जा, मी आणतो. एस्तेन त्याच्याकडे बघत पुढे आला आणि पायाने फांद्या बाजूला केल्या.

बर्फाखाली ब्लाकेन जसाच्या तसा होता. चीर सरळ होती. कोल्हा अशी चीर काढत नाही. काठावर सुकलेल्या रक्तात कापडाचे धागे चिकटले होते.

एस्तेन बराच वेळ वाकून बघत राहिला. मग वळून त्याने येरमुंडच्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"कधी?"

"त्याच दिवशी," येरमुंड म्हणाला. "तुझं झाल्यावर."

एस्तेनला मूठ वळता येत नव्हती. त्याने आपलं कपाळ येरमुंडच्या तोंडावर मारलं. येरमुंडची भुवई फुटली. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो खड्ड्यात पडला. एस्तेन त्याच्यावर लाथा घालत राहिला, बरगड्यांत, मानेवर, तोंडावर, दमून तोल जाईपर्यंत. येरमुंडने हात वर केले नाहीत. गुरो मध्ये पडली नाही. एस्तेन घोड्याच्या अंगावर टेकून धापा टाकू लागला तेव्हा तिने भावाला उठवलं.

"कुठली बोटं वाचवलीस?" तिने विचारलं.

त्याने डावा हात दाखवला.

ती त्याला खोपीसमोर घेऊन गेली. सगळे ओंडके खाली गेल्यापासून खोपी रिकामी होती. लाकडं फोडायचा ठोकळा दारातच होता आणि आडोशाला एस्तेनची ती कुऱ्हाड, पात्यात अर्धचंद्र घेऊन, तेव्हापासून कुणी न उचललेली.

"ठेव," गुरो म्हणाली.

येरमुंड गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन बोटं ठोकळ्यावर पसरली, बाकीची दुमडून घेतली. गुरोने कुऱ्हाड उचलली आणि सवयीने पात्यावर तळहात टेकवला.

"गार आहे," ती म्हणाली आणि कुऱ्हाड घेऊन आत गेली.

थोड्या वेळाने धुराड्यातून धूर यायला लागला. दोघे मेहुणे बाहेर होते. येरमुंडच्या भुवईचं रक्त ठोकळ्यावर ठिबकत होतं.

"जा की," एस्तेन म्हणाला. "वाट मोकळी आहे. मी काही तुला धरू शकत नाही."

"लाकडं कोण फोडणार मग, दाजी?"

 एस्तेन त्याच्या शेजारी, ठोकळ्याजवळ, जमिनीवर बसला.

गुरोने घाई केली नाही. ती बाहेर आली तेव्हा तिने पात्यावर पुन्हा एकदा हात टेकवून पाहिला. मग खाच टाळून, पात्याच्या शाबूत कडेने, एकाच घावात दोन्ही बोटं तोडली. येरमुंडच्या घशातून एक आवाज निघाला, तेवढाच. अंगठा आणि दोन बोटं उरली होती. तेवढ्यात दांडा धरता येतो, हे तिने आधी बघून ठेवलं होतं.

तिने कुऱ्हाड दाराशी टेकवली आणि आतून बादली आणली. येरमुंडने सवयीने डोळे मिटून हात पुढे केला, गार पाण्याची वाट बघत.

पाणी चुलीवरचं होतं, सोसवेल इतकं ऊन. तिने त्याचा हात त्यात धरला आणि धुतला.